माशीच्या पायाचा गुलाल

१९ सप्टेंबर १९३६

बाराशे झाडं मोजली. चौदा पांढऱ्या फुलांची. आपलं बियाणं पिवळ्या फुलांचं. पांढरं फूल शेजारच्या जाड धाग्याच्या देशी कापसाचं. ते आपल्या बियाण्याच्या प्लॉटात येतं कुठून?

शेतकी खात्याचे तपासनीस साहेब काल शेठजींच्या तोंडावर बोलून गेले — पुढच्या साली अशी भेसळ दिसली तर हे बियाणं कोणी हातात धरणार नाही. फार्मचे मालक हुकमीचंदशेठ माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "पितांबरभाऊ, तुम्ही पुण्याला शेतकी शिकून आलात. शोधा," एवढंच.

मला वाटतं, उत्तर माझ्या वहीत आहे. दोन वर्षं मी मधमाशांच्या मागे हिंडतो म्हणून सारं कोरीट गाव हसतं. कोणती माशी किती वाजता कोणत्या फुलावर, सगळं लिहिलेलं आहे. आता कामाला येईल.

२६ सप्टेंबर

सकाळी देशी कापसाच्या साठ फुलांत चिमूट चिमूट गुलाल टाकला. दुपारी आपल्या प्लॉटात एकेक फूल उघडून पाहिलं. अकरा फुलांत गुलाल! सगळ्यात लांबचं फूल तीनशे पावलांवर. एक माशीही धरली — मागच्या पायांवर पराग, त्यात लाल कण.

खरं सांगायचं तर नाचावंसं वाटलं.

४ ऑक्टोबर

नंदुरबारला पेढीवर जाऊन वही दाखवली. नकाशा दाखवला. उंबरावरची आग्या मोहळं सत्तावीस. नाल्याच्या दरडीतली सातेरी माशीची मोहळं नऊ. बांधांच्या मातीत बिळं करून एकटी राहणारी माशी — तिची बिळं पाचशेवर. सगळं माझ्या हातचं, रंगीत पेन्सिलीनं.

शेठजींनी नकाशावरची एकेक खूण बोटानं मोजली. मग म्हणाले, "मग हे उठवायला पाहिजे."

ते जैन. मध खात नाहीत, संध्याकाळनंतर जेवत नाहीत. म्हणून पुन्हा विचारलं, "जीव जात नाही ना त्यात? उडून जातात ना?"

मी म्हणालो, "उडून जातात."

मोठ्या उडतात. पोळ्यातली पिल्लं कुठे उडणार? बिळातली कुठे उडणार? मला माहीत होतं. मी तेवढंच बोललो.

७ ऑक्टोबर

जालमसिंगला बोलावणं धाडलं होतं. तोरणमाळखालच्या पाड्यातला पावरा, दरवर्षी मध काढायला खाली येतो. मला जे काही येतं त्यातलं अर्धं त्यानं शिकवलेलं. आवाजावरून माशी ओळखतो. पोळं कापतो तेव्हा पिल्लांची बाजू ठेवतो.

त्याला काम सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. विडी विझवून कानावर ठेवली. "मी यासना मध खास," म्हणाला. "यासनं घर मी जाळाऊ नही."

"तू नाही केलंस तर दुसरा करेल."

"करू द्या. तू आठे उभा ऱ्हाशी का तव्हय?"

तो जेवलाही नाही. डोंगराच्या वाटेला लागला.

११ ऑक्टोबर

उभा राहिलो.

शेठजींच्या जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, सहा माणसं, बांबूंना बांधलेल्या चिंध्या, घासलेट. उन्हं उतरता उतरता उंबर पेटवल्यासारखा दिसत होता. पोळी खाली पडताना ओल्या कणकेचा गोळा पडावा तसा आवाज. मातीत पांढऱ्या अळ्या. दरडीतली मोहळं चिखलानं बुजवली. आतला आवाज बाहेर येत राहिला, पुष्कळ वेळ.

नकाशा माझ्या हातात होता. एकही जागा चुकली नाही.

१४ ऑक्टोबर

बांधांवरून नांगर फिरवले. बिळं गेली.

१५ ऑक्टोबर

काही नाही.

२ नोव्हेंबर

वेचणी सुरू. प्लॉट शांत. हे मी लिहितो आहे, पण शांत हा शब्द बरोबर नाही.

१३ फेब्रुवारी १९३७

तीन महिने वहीला हात लावला नाही. आज लावणं भाग आहे.

कमलीबाई फार्मवर आल्या. कोरीटच्याच, आमच्या आईच्या मैत्रीण. नवऱ्यामागे कांद्याच्या बियाण्यावर संसार चालवला. सासूनं दिलेलं लाल कांद्याचं वाण, दुसऱ्या कुणाकडे नाही. शहाद्याहून माणसं बी न्यायला येतात, कांदा पिकवून विकतात; बी कुणी धरत नाही. म्हणाल्या, "पितांबर, चाल बरं वावरमा. डोंगया फुलनात, पन त्यासवर काईच भनभन नही."

गेलो. तीस ओळी डोंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गेंद, पांढरे, चेंडूसारखे, टच्च फुललेले. उन्हात उभा राहून तासभर माशा मोजल्या. दोन माशा. गेल्या फेब्रुवारीत याच वावरात, माझ्याच वहीत, तासाला एकशे ऐंशी.

"कोठे गयात रे त्या?"

मी म्हणालो, "यंदा कमी आहेत, मावशी."

१४ फेब्रुवारी

कांद्याचं बी वर्षभरच जगतं. पुढच्या साली पेरलं तर उगवत नाही. मावशींनी सगळे कांदे बियाण्याला लावून टाकले, घरात एक ठेवला नाही. यंदा बी धरलं नाही तर वाण संपलं.

ते फक्त मला आणि मावशींना ठाऊक. कारण फक्त मला.

१६ फेब्रुवारी

पहाटेपासून वावरात. ओला तळवा एका डोंगळ्यावरून फिरवायचा, मग दुसऱ्यावरून, मग परत पहिल्यावर. माशी जे करते ते हातानं. मावशींना दाखवलं. त्या हसल्या — "आते माशी बनानं ऱ्हायनं व्हतं."

एका डोंगळ्यात शेकड्यांनी फुलं, आणि ती एका दिवशी उमलत नाहीत. रोज रोज फिरवावं लागतं. दुपारपर्यंत दोन ओळी. तीसपैकी दोन.

१७ फेब्रुवारी

दोन ओळी. कालच्याच.

२१ फेब्रुवारी

तळव्यांची सालं निघाली. मावशी मला भाकरी आणतात, वर ठेचा, आणि वर शाबासकी — "मन्हा भाऊ इतलं नही करता मन्हासाठे." आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, मीठ जरा कमी आहे.

३० मार्च

डोंगळे वाळले. मावशींनी एक खुडला, तळहातावर चोळला, फुंकर मारली. सगळं उडून गेलं. काळा दाणा एक नाही. दुसरा चोळला. तिसरा.

"पोकय," म्हणाल्या. मग खाली बसल्या, बांधावरच. "मन्ही सासूले काय सांगू मी?" सासू जाऊन वीस वर्षं झाली.

त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. गुलाल, नकाशा, उंबर. शेठजींना "उडून जातात" म्हणालो तेही. शेठजींच्या बियाण्यात भेसळ होत होती म्हणून केलं, मावशी. माशा दुसरीकडचा पराग आणत होत्या.

मावशी पदर झटकून उठल्या आणि त्या दोन ओळींकडे गेल्या. त्यातलं बी मिळालं — ओंजळभरही नाही. ते त्यांनी फडक्यात बांधलं. घरची वाट धरली.

३ एप्रिल

मावशींच्या दारावरून गेलो. दार उघडं होतं. हाक मारली. आतून दार लोटलं गेलं.

१२ एप्रिल

पुढच्या सालचं बियाणं आणायला आज पहिल्यांदा नंदुरबारला शेठजींच्या जिनात गेलो. आपला कापूस यंत्राला लागत होता. खाली पडणाऱ्या सरकीत हात घातला — आपली सरकी, आणि मध्येमध्ये देशी जाड कापसाची. आपल्या आधी याच यंत्रावर त्याची सरकी काढली होती. यंत्राच्या फटीत, फरशीवर, सगळीकडे तीच सरकी. आपल्या पोत्यांत भरली जात होती.

म्हणजे भेसळ शेतात झालीच नव्हती. माशीनं संकर केला असता तर फूल फिकं का होईना, पिवळं आलं असतं. ती चौदा झाडं पांढरीशुभ्र होती. मी मोजली फक्त.

यंत्रावर हिलाल म्हणून म्हातारा असतो. त्याला विचारलं, एक कापूस संपला की दुसरा लावायच्या आधी झाडून घेत नाही का?

"नही भाऊ. बारा साल व्हयनात. झाडू मारा असं कोनी सांगंच नही."