कागदातली गाळलेली ओळ

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन महिने या वहीकडे फिरकलो नाही, चुकलंच माझं. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायचं यंत्र शांताक्कांनी आमच्या बसवनगुडीच्या दुकानातून नेलं होतं. कसं चालतंय ते बघायला आज केंगेरीपलीकडे त्यांच्या गोठ्यावर गेलो. सकाळीच वापरलं होतं. वासरू जिवंत आहे, पण गाय मागचे पाय पसरून पडलेली. तिथं आलेले गुरांचे डॉक्टर म्हणाले, "कळ नसतानाही ओढलंय. नस दबली. उठेल की नाही, सांगता येत नाही."

गोठ्यात खिळ्याला यंत्राच्या माहितीचा कागद टांगलेला होता. मीच लिहिलेला. पुन्हा वाचला. 'कळ आली की ओढा, कळ गेली की थांबा' ही ओळच त्यात नाही. मजकूर एका पानात बसेना म्हणून मी काढली होती. गाई पाळणाऱ्यांना हे काय सांगायचं, असं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं, की आता सबब शोधतोय?

शांताक्कांना तिथंच सांगितलं.

"हातानं ओढताना थांबतोच की, अण्णा," त्या म्हणाल्या. "यंत्रालाही थांबवायचं असतं, हे आम्हाला काय ठाऊक? कागदात होतं तस्संच केलं."

गाईच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "अजून कुणाकुणाच्या गोठ्यात आहे हा कागद?"



उद्या: दुकान उघडताच यंत्र नेलेल्या प्रत्येकाला फोन करणे.