विहिरीजवळची नांगी

फेब्रुवारी, मंगळवार. सकाळीच प्रयोगशाळेत आले. डबा उशिरा खाल्ला. संध्याकाळपर्यंत लाल उजेड दिसला नाही.

दादा, तुमच्या लेकीनं हे काम तुम्ही वारल्यावर धरलं, म्हणून सांगते. पानातले हिरवे कण ऊन पकडतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे देत ते कामाच्या जागी पोचवतात. तसंच आम्ही इथे नाशिकच्या कॉलेजात बनवायला बघतोय, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्यांवर रंगाचे कण बसवून. निळा उजेड पाडला की तो कणाकणातून सरकत शेवटच्या कणापर्यंत जायला हवा. पोचला तर तो कण लाल चमकतो. आजही चमकला नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "मॅडम, हा विषय बंद करू. सोपं काही घ्या."

आपल्या द्राक्षबागेत झाड मेलं की तुम्ही त्या रिकाम्या जागी रोप लावायचात, नांगी भरायचात. विहिरीजवळची नांगी काही भरत नव्हती. दोन रोपं वाळली होती. अजून डोळ्यांसमोर आहे: मी बांधावर उभी आहे, तुम्ही पुन्हा खड्डा घेताय, आणि काका हसतायत, "भाऊ, सोड की आता. खाली दगड हाय. तिथं काय सोनं पिकणार हाय?"

"दगड हाय म्हणून तर खड्डा लय मोठा घेतोय. तेच परत नाय करत मी," तुम्ही म्हणता. मग माझ्याकडे वळून, "ताई, बघत काय बसली? पाणी आण."

मी मात्र तेच परत करत होते. उजेड वाढावा म्हणून दर वेळी रंग वाढवायचा. कण इतके दाटीनं बसायचे की उजेड त्यांच्यातच विझायचा. सर घरी निघायच्या आधी त्यांच्याकडे गेले. "सर, बंद नको. या वेळी रंग कमी घालते."

"आणि नाहीच चमकलं तर?"

"मग दुसरं काही बदलेन."

"हट्टी आहात," सर म्हणाले. "करा."

ते तिसरं रोप लागलं, दादा. तुम्ही बघायला नव्हतात. काका दिंडोरीहून दरवर्षी त्याच झाडाचे घड वेगळ्या पिशवीत आणून देतात. मी ते सगळ्यांना वाटते. स्वतः अजून एक मणीही खाल्लेला नाही. हे कुणाला माहीत नाही.

सगळे घरी गेलेत. उद्यासाठी काचेच्या कुप्या धुतल्या. आता एकेक सुकायला पालथी ठेवतेय.