एन्का काय असतं ते मला विचारा

७ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून बिअर बंद. सुका माकूलही बंद, घशाला ओरखडे काढतो. ३ नोव्हेंबरला, संस्कृती दिनाला, आमच्या कराओके मंडळाचा कार्यक्रम आहे. शेवटचं गाणं अर्थात माझं. गेली नऊ वर्षं माझंच असतं. एन्काच्या, म्हणजे आमच्या जुन्या विरहगीतांच्या, कार्यक्रमात शेवटी कोण गातो, त्यावरून कोण किती पाण्यात आहे ते कळतं. उत्तरेच्या या हाचिनोहे बंदरात आयुष्यभर मासे डब्यात भरणारे हजारो, पण निवृत्तीनंतर एन्का असं गाणारा हाताकेयामा तोकुझो एकच.

मंडळात आज नवी मुलगी आली. मोएका. वय चोवीस, दाताच्या दवाखान्यात कामाला. एन्का कुठे ऐकलंस विचारलं, तर म्हणे फोनवर, आपोआप लागलं. वर म्हणे, काका, किती फ्रेश आहे हो हे! फ्रेश! फ्रेश बांगडा असतो. एन्का म्हणजे सोडून गेलेला पुरुष, बर्फ, बंदर आणि एकटीनं घेतलेली गरम साके. यात फ्रेश काय आहे?

संध्याकाळी ६. एक बिअर घेतली. उघडलेली होती, वाया गेली असती.

१४ सप्टेंबर

मोएकाचे प्रश्न. या सगळ्या बायका रडायला उत्तरेलाच का येतात? तो माणूस एवढा नालायक आहे तर त्याच्यासाठी स्वेटर का विणते?  काही प्रश्न उत्तराच्या लायकीचे नसतात. कामादा मात्र खो खो हसला. तो मंडळाचा अध्यक्ष, पण मुळात टोफूवाला, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार? म्हणतो, तोकु-सान, पोरगी बरोबर विचारतेय, आपण पन्नास वर्षं गातोय, कुणी विचारलंच नाही.

निश्चय : नव्या श्रोत्यांसाठी बारा कलमी पुस्तिका लिहायची. कलम एक : रडल्याशिवाय एन्का नाही.

१५ सप्टेंबर

कलम दोन सुचलं नाही. पेन खराब आहे.

२१ सप्टेंबर

आज यंत्रावर गुण लावले. मोएकाला ब्याण्णव, मला एकाहत्तर. यंत्र मुरक्या मोजतं म्हणे. अरे, मुरकी काय मोजायची गोष्ट आहे? तोक्योत बसून यंत्र बनवणाऱ्या पोरांना उत्तरेचं दुःख काय कळणार! त्यांच्या खोलीत हीटर असतो.

कावामुकाई बाईंनी मात्र पारख केली. बाई एक्याऐंशीच्या, आम्हा सगळ्यांच्या गुरू, बोलतात कमी. शेवटी कोण गाणार हे त्याच ठरवतात. मोएकाला एवढंच म्हणाल्या, श्वास छान घेतेस. मला म्हणाल्या, तोकुझो-सान, आज खोकला कमी होता. बाईंच्या तोंडून इतकं कौतुक मी प्रथमच ऐकलं.

२८ सप्टेंबर

आजचा दिवस मंडळाच्या इतिहासात लिहिला जाईल.

आमच्याकडे प्रत्येकाचं हक्काचं एक गाणं असतं. ते दुसऱ्यानं गायचं नाही. कामादाला सर्दी झाली तरी त्याचं गाणं कुणी उचलत नाही, त्या आठवड्यात ते गाणंच होत नाही. माझं ‘परतीच्या बोटीचा भोंगा’. मोएकाकडे हक्काचं गाणं नाही. मनात म्हटलं, हिची जिरवू या. भोंग्याच्या दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे, तिथे भल्याभल्यांचा आवाज फुटतो. माझाही फुटतो, पण तो भावनेनं.

म्हणून सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, पोरी, माझं गाणं तू घे. काढ बघू गळ्यातून!

 मग बाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मला वाकून नमस्कार केला. बाईंनी! कामादानं डोळे पुसले. टाळ्या थांबेचनात. मोएका तर ढसाढसा रडली. कलम एक सिद्ध झालं. इतका मोठेपणा या मंडळानं पाहिलेलाच नाही, त्यांची काय चूक?

५ ऑक्टोबर

मोठेपणाची फळं मिळताहेत. कामादानं घरी टोफूचे सहा तुकडे पाठवले. म्हणतो, इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत, तोकु-सान. घेतलेच आहेत. एकानं विचारलं, आता गुरुवारी काय करणार, गोल्फ? मूर्ख आहे.

सभागृहाच्या भिंतीवर लावायला माझा फोटो काढला. मंडळाचे जुने सभासद हायाशिझाकी आणि उएदा यांच्या फोटोंशेजारी. एक वृद्धाश्रमात आहेत, दुसरे वारले. दोघेही दर्जेदार गायक. संगत चांगली आहे.

१२ ऑक्टोबर

मोएका दुसऱ्या कडव्यातली ती जागा आवाज न फुटता पार करते. मी सांगितलं, हीच तुझी चूक. तिनं बिचारीनं आवाज फोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हे फोनवर शिकता येत नाही.

मला सरावाची वेळच दिलेली नाही. अनुभवी माणसाला गरज नसते, हे बाईंना कळतं.

आज बिअर फक्त दोन.

१९ ऑक्टोबर

कार्यक्रमपत्रिका छापून आली. शेवटचं गाणं : ‘परतीच्या बोटीचा भोंगा’, मोएका. माझं नाव सगळ्यांत खाली. बर्फ : हाताकेयामा तोकुझो.

म्हणजे रंगमंचावरच्या माळ्यावर चढून गाणाऱ्यावर कागदाचा बर्फ उधळायचा. मी!

छापखान्याची चूक म्हणून थेट कामादाच्या दुकानात गेलो. तो टोफू कापता कापता माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तोकु-सान, भर सभेत हक्काचं गाणं दिलंत ना? गाणं दिलं म्हणजे गादी दिली. आपल्याकडे याचा दुसरा काय अर्थ होतो? हायाशिझाकींनी हेच गाणं तुम्हाला दिलं, तेव्हा ते उतरले आणि तुम्ही बसलात. नवीन लोकांना तुम्हीच तर हे घसा कोरडा करून सांगत असता!

हायाशिझाकींची गोष्ट वेगळी. ते थकले होते.

निश्चय : उद्या बाईंकडे जाऊन स्पष्ट सांगायचं की मी गाणं फक्त शिकायला दिलं होतं. भीड म्हणून ठेवायची नाही.

२० ऑक्टोबर

गेलो. बाईंनी चहा केला. मी तोंड उघडणार, तोच म्हणाल्या, पन्नास वर्षं मी माणसांच्या हातातून माइक ओढून काढत आलेय. हायाशिझाकींनाही दोन वर्षं समजावावं लागलं होतं. आपणहून उतरलेले तुम्ही पहिलेच. खरं सांगू, तोकुझो-सान, तुमच्यात हे असेल असं मला वाटलं नव्हतं.

चहा प्यायलो. चहा चांगला होता. घरी आलो.

बिअर. माकूलही.

२ नोव्हेंबर

दिवसभर कागद कापला. तीन टोपल्या. बायको, सुमिए, म्हणाली, अहो, बारीक कापा, मोठा तुकडा गाणाऱ्याच्या तोंडात जातो. कापले बारीक. मनात काही वाईट नव्हतं.

तिनं माझ्यासाठी मधात घातलेला मुळा परस्पर मोएकाला देऊन टाकला. म्हणाली, तुम्हाला आता घसा कशाला लागतो? लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, बोलायची पद्धत नाही.

मोएकाला फोन केला, सर्दी वगैरे झाली आहे का विचारायला. नाही. ठणठणीत आहे.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

कार्यक्रम झाला.

मी वर माळ्यावर, टोपली धरून. वरून तिचा फक्त भांग आणि किमोनोचे खांदे दिसत होते. ठरलं होतं, दुसऱ्या कडव्याला बर्फ सुरू करायचा. दुसरं कडवं आलं. ती जागा आली. पोरीनं सूर धरला, धरून ठेवला, आणि सोडला तेव्हा पुढच्या रांगेतलं कुणीसं मोठ्यानं हुंदका देऊन रडलं. मी बर्फ विसरलो. कामादा खालून हातवारे करत होता. गाणं संपलं, ती वाकून नमस्कार करत होती, तेव्हा मला आठवण झाली आणि तिन्ही टोपल्या एकदम तिच्यावर ओतल्या. लोक हसले. टाळ्या तिलाच.

हुंदका कुणाचा ते वरून दिसलं. सुमिएचा.

घरी येताना बसमध्ये विचारलं. नऊ वर्षं मी हेच गाणं गायलो, तू पुढच्या रांगेत असायचीस, तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आज काय झालं? ती म्हणाली, अहो, तुम्ही गायला लागलात की तो वरचा सूर लागतोय की नाही या धास्तीनंच माझा जीव अर्धा व्हायचा. गाण्याकडे लक्ष कुणाचं असणार? शब्द काय आहेत ते आज पहिल्यांदा कळलं. फार चांगलं गाणं आहे हो.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मी म्हणालो, हो, चांगलं आहे.

घर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून तेच गाणं गुणगुणत होती. दुसऱ्या कडव्यातली ती जागाही घेतली. आवाज फुटला नाही.