सही नाही, पुढे!

३ फेब्रुवारी, सोमवार
आज एकाने कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'हवापालट'! परकीय चलन म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे? सरकारने कारणं छापून दिली आहेत : आजार, शिक्षण, व्यापार, नातलगाची भेट. बास. आमच्या ऑफिसचा शिक्का नसेल तर परदेशी नोट मिळत नाही, आणि शिक्क्याशिवाय विमानाचं तिकीटही मिळत नाही. एवढं भिंतीवर हातभर अक्षरांत लावलंय, तरी लोक येतातच.
"साहेब, डोक्याला फार ताप आहे हो," म्हणाला. म्हटलं, मग आजार लिहा आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडा. परत पाठवला.
दिवसभरात एकोणीस अर्ज परत. ऑफिसात मला नन्नासाहेब म्हणतात. मला ते ठाऊक नाही असं सगळ्यांना वाटतं.

४ फेब्रुवारी
बँडमधला क्लॅरिनेटवाला आला. वाद्याच्या तोंडाला लावायच्या पत्त्या परदेशातून आणायच्यात. कारण : व्यापार. विचारलं, "गेल्या वर्षी नफा किती?" "नफा?" म्हणाला आणि हसतच सुटला. मलाही हसू आलं. परत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
घरातच बाँब फुटला! सकाळी चहा पुढे ठेवत ही म्हणाली, "मी एप्रिलमध्ये लेकीकडे चाललेय. बाळ येणार आहे. माझा अर्ज मंजूर झालाय."
मंजूर? कुठे? तर माझ्या शेजारच्याच खिडकीवर! तीन नंबरच्या बाई. आठ वर्षं त्यांच्या शेजारी बसून डबा खातोय, अवाक्षर काढलं नाही त्यांनी. जाब विचारला तर म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंत?"
बोलावणं फक्त आईला आहे. पत्रावर एकच नाव. मी हिला म्हटलं, "मला काय गरज पडलीय!" आणि रिकामा कप दोनदा तोंडाला लावला.

८ फेब्रुवारी, शनिवार
लिहूनच टाकतो. हे पान कोण वाचायला येणार आहे?
चार वर्षांपूर्वी पोर शिकायला बाहेर निघाली. घरात मी विषयच काढू देत नव्हतो. म्हणून ती सरळ माझ्या खिडकीवर आली — रांगेतून, इतरांसारखी. अर्ज चोख. अक्षर मोत्यासारखं. एकच रकाना कोरा होता : पालकाची सही. तिने स्वतःचं पेन जाळीतून माझ्यापुढे धरलं. "बाबा, इथे."
मी म्हणालो, "पालकाची सही नाही. पुढे!"
रांग हसली. ती हसली नाही.
दुसऱ्या दिवशी हिने सही केली, तीन नंबरच्या बाईंनी शिक्का मारला, पोर गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी सगळ्यांना सांगत आलो, नियम म्हणजे नियम. खोटं! मला ती जायला नको होती. तेवढंच होतं ते.

११ फेब्रुवारी
वाटा शोधतोय. आजार? डॉक्टर मित्राने छाती तपासली, जीभ बघितली. म्हणाला, "तुला काहीही झालेलं नाही, हाच तुझा आजार." शिक्षण? सत्तावन्नाव्या वर्षी! व्यापार करायला विकू काय, माझा रबरी शिक्का?
राहिली नातलगाची भेट. त्याला बोलावणाऱ्याचं पत्र लागतं — स्वतःच्या हस्ताक्षरात, सहीसकट. टाइप केलेलं चालत नाही. हा हस्ताक्षराचा नियम सुचवला कुणी? वरिष्ठांना सहा पानी टिपण पाठवलं कुणी? शाबासकीचा कागद अजून माझ्या कपाटात आहे! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही घडीव.
आणि १५ मार्चला अर्ज बंद. पुढचे अर्ज थेट जुलैत. तोवर बाळ मान धरायला लागेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तिला पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पहिल्यात 'वरील विषयास अनुसरून' आलं. तिसऱ्यात 'कळावे' नंतर काय कळावं तेच सुचेना. हिने टोपलीतले बोळे उलगडून वाचले. "अहो, पोरीला पत्र लिहिताय की नोटीस बजावताय?"
शेवटी एवढंच लिहिलं : "पोरी, मला बाळ बघायचंय. त्याआधी तुला. बोलावशील का? त्या दिवशी मी पेन घ्यायला हवं होतं. — बाबा."
पेटीत टाकलं आणि लगेच परत काढावंसं वाटलं. फटीत हात जात नाही. बघितला घालून.

१५ फेब्रुवारी
पोचायला दहा दिवस, उत्तराला दहा. एक गेला.

२६ फेब्रुवारी
आज फक्त तीन अर्ज परत. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तब्येत विचारली.

७ मार्च, शुक्रवार
पत्र आलं! उभ्याउभ्याच फोडलं. "मी माझ्या वडिलांना माझ्या घरी दोन महिने राहायला बोलावत आहे." अगदी नमुन्याबरहुकूम. तारीख, पत्ता, तेच मोत्यांचं अक्षर. बाकी एक शब्द नाही.
आणि सही नाही!
कागद उलटा केला. उजेडात धरला. पाकीट फाडून आतून बघितलं. नाहीच. विसरली? माझी पोर? ती आयुष्यात कधी अनुस्वार विसरली नाही! आता दुसरं मागवायचं तर वीस दिवस, आणि हातात आठ.
ही शांतपणे म्हणाली, "मग करा की तुम्हीच. तिची सही तुम्हाला पाठ आहे." पाठ आहेच. दहा वर्षांची असताना माझ्या वर्तमानपत्राच्या कडेने गिरवत बसायची, मोठेपणी कामाला येईल म्हणून. मी पेन उघडलं. पहिलं अक्षर हवेत काढूनही बघितलं. पेन बंद केलं. करायची होती ती सही तेव्हा केली नाही, आता तिच्या नावाची कुठल्या तोंडाने करू?

१० मार्च, सोमवार
रजा टाकली आणि रांगेत उभा राहिलो. स्वतःचा अर्ज स्वतःच्या खिडकीवर चालत नाही, म्हणून तीन नंबर. पुढ्यात कोण? क्लॅरिनेटवाला! "अरेच्चा, नन्नासाहेब, तुम्ही इकडे?" म्हणजे हे नाव बाहेरही पोचलंय.
दोन तास उभा. रांगेपाशी टेकायला बाक नाही. एकवीस वर्षं इथे नोकरी करतोय, आज कळलं.
बाईंनी पत्र वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला. मी हळूच म्हणालो, "बाई, लेकीचंच आहे. तुम्ही तिला ओळखता."
"सही नाही," बाई म्हणाल्या. मग जरा आवाज चढवून, "पुढे!"
रांग हसली. क्लॅरिनेटवाला सगळ्यांत जास्त. माझे कान तापले. जिना उतरताना पोर डोळ्यांपुढे उभी राहिली, हातात पेन धरून. त्या दिवशी ती इथून घरी कशी गेली असेल? बसने की चालत? चार वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. खूप वाईट वाटलं.
घरी येऊन सांगितलं तर ही पाठमोरी भाजी चिरत राहिली. खांदे हलत होते. रडतेय की काय कोण जाणे.

११ मार्च
खिडकी उघडायच्या आधी बाईंनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. तेच पत्र. तेच अक्षर. खाली ठळक सही! शुक्रवारीच त्यांच्या घरी आलं होतं म्हणे. सोबत त्यांच्या नावाची चिठ्ठी :
"मावशी, बाबा बिनसहीचं पत्र घेऊन येतील. त्यांनी माझी सही ठोकून आणली तर सोबतचं पत्र फाडून टाका. तसंच आणलं तर एकदा परत पाठवा, आणि हे दुसऱ्या दिवशी द्या. मलाही एकच दिवस थांबावं लागलं होतं."