दोन विहिरींचे हिरवे खडे

आप्पा, मी तुमचा धाकटा मुलगा, वाणिज्य पदवीधर, खतांच्या दुकानाचा मालक, वय चोपन्न. थोरल्या मुलावर तुम्ही ठेवलेला चोरीचा आळ खोटा होता, हे पुराव्यासह कळवण्यासाठी लिहितो आहे.

भूकंपाआधीची ती दुपार आठवा. दादा स्वयंपाकघरात जेवत बसला आहे. त्याच्या पिशवीत सुपारीएवढा हिरवा खडा सापडला आहे, आणि जमीनदार मालकांच्या फडताळातला तसाच खडा त्याच सकाळी नाहीसा झाला आहे. तुम्ही सुरुंग लावून लोकांच्या विहिरी खोदत होतात. दुसऱ्याच्या विहिरीतला कपचाही घरी आणायचा नाही, हा तुमचा नियम.

"आपल्याच हिरीतला हाय, आप्पा. आईशप्पत!"

"आपल्या हिरीत पांढरं निघतंय, हरामखोरा! हिरवं मालकाच्यात. म्याच काढलंय."

टिकावाचा दांडा त्याच्या उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचे मी ऐकले. दुसरा फटका कानावर. भाकरी रक्ताने भिजली. आई आडवी आली, तिला तुम्ही चुलीवर ढकललेत. उकळते कालवण तिच्या पायांवर सांडले. दांडा मोडला तेव्हाच तुम्ही थांबलात.

भूकंपानंतर गाव हलले, विहिरी तिथेच आहेत. गेल्या वर्षी दोन्ही विहिरींच्या खडकातले तुकडे आणि आईने लपवून जपलेला दादाचा खडा मी विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या बाईंकडे नेले. खडकाच्या पोकळीत मुरलेल्या पाण्यातून असा खडा वाढतो आणि त्या पाण्यातले धातू लेशमात्र त्यात अडकतात. हिरवेपणा व्हॅनेडियम या धातूचा, तो दोन्हीकडे असू शकतो. ओळख पटते ती स्ट्रॉन्शियम, बेरियम यांसारख्या धातूंच्या परस्पर प्रमाणावरून. "शपथेवर सांगणार नाही," बाई म्हणाल्या, "पण हा तुमच्याच विहिरीशी जुळतो."

दादा उमरग्यात राहतो. त्याच्या शाबूत कानापाशी बसून मी अहवाल वाचला. न मिटणारा उजवा हात त्याने माझ्या खांद्यावर ठेवला. "लेका, तू तरी माझं खरं मानलंस."

आप्पा, मला अहवालाची गरज नव्हती. दादाने खडा काढला तेव्हा मी आपल्या विहिरीच्या काठावर उभा होतो. तळात न उडालेला सुरुंग होता, म्हणून तुम्ही आम्हा दोघांना तिथे जायची बंदी केली होती. घरात शिरण्याआधी अंगणात तुम्ही मला एकट्याला विचारलेत, "तू कॉलेज शिकलेला. खरं सांग, त्यानं खडा आपल्या हिरीतनं काढताना बघितलंस?" दांडा तुमच्या हातात होता. मी "न्हाय" म्हणालो.

हे पत्र तुमच्या तसबिरीमागे ठेवणार होतो. पण दर अमावास्येला दादा ती पुसायला येतो. म्हणून दुकानाच्या कपाटात कुलपात ठेवतो आहे.

तुमचा धाकटा
सास्तूर, अमावास्येच्या आदल्या दिवशी