जपानच्या कव्हरवर हार नको

खामगाव, ४ जुलै २०२५

चि. विहंग यास अ. उ. आ.

तुझ्या फंक बँडची जर्मनीत निघालेली रेकॉर्ड पोचली. 'दहा ते सहा'! एका कारकुनाचा अख्खा दिवस गाण्यांत, आणि तो कारकून म्हणजे तुझे काका. ऐकताना हे खुर्चीतच पाय नाचवत होते.

पण कव्हर बघितलं आणि मी रेकॉर्ड उलटी करून ठेवली. ह्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो चौकटीत, आणि चौकटीला झेंडूचा हार! आमच्या नातीने, इराने तो कौतुकाने गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि माणसं भेटायला येऊ लागली. शेजारच्या चांगुणाबाई तर, मले काऊन नाही सांगितलं, म्हणत माझ्या गळ्यातच पडल्या. तेवढ्यात हेच बाहेर येऊन त्यांना चहा विचारू लागले. ह्यांना मोठी गंमत वाटते. मागच्या वर्षीच्या बायपासनंतर मला नाही वाटत. आता हीच रेकॉर्ड जपानातही निघणार म्हणतोस. जपानच्या कव्हरवर हार नको.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिलं. रागावले तरी माया तेवढीच आहे.

तुझी शैलजाकाकू

पुणे, ९ जुलै

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

चूक माझीच. तिकडच्या चित्रकाराला हार सुंदर वाटला आणि मीही मान डोलावली. आई म्हणते, मला चार फटके द्यायला हवेत.

जपानची छपाई थांबवली आहे. पण काकांचा फोन आला, की हार काढायचा नाही. भांडणानंतर कित्येक वर्षं तोंड न बघणारे त्यांचे जुने मित्र माणिकराव त्या हारामुळेच रडत आले आणि आता रोज बुद्धिबळाला येतात, म्हणजे हार शुभच, असं त्यांचं म्हणणं. आता तू सांगशील तसं. फक्त दिवाळीच्या चकल्या बंद करू नकोस.

तुझ्या लोभावरच जगणारा,
विहंग

खामगाव, १४ जुलै

चि. विहंग यास अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे पुन्हा हट्टाला पेटले, तेव्हा मी बोलून टाकलं. माणिकराव एकदा रडून मोकळे झाले. मी मात्र वर्षभर रोज सकाळी ह्यांना हाक मारते आणि ओ येईपर्यंत जीव मुठीत धरून उभी असते. हे ह्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, विहंगला लिही, हार काढ म्हणावं.

चकल्या मिळतील. सगळ्या बँडला घेऊन ये, म्हणजे मला बरं वाटेल.

आणि एक सांगायचं राहिलं. काल सकाळी मी हाक मारायच्या आधीच ह्यांनी ओ दिली.

तुझी शैलजाकाकू