वजा वीस

सोम. ११ जून २००१, जव्हार
जीपला लटकून मोखाड्याला पोचले, तर तहसीलमधलं माझं टर्मिनल पुन्हा गोठलेलं. अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे पडद्यावर उमटतं. व्हरांडा माणसांनी भरलेला. हाताने लिहिलेला दाखला चालत नाही, असा नवा हुकूम. सगळ्या टर्मिनलांमागे मशीन एकच, आणि त्यावर साहेबांचा टंचाई अहवाल दिवसभर चालू.

ठाण्याच्या इंजिनियरला फोन. "मॅडम, अहवालाला वजा वीस दिलंय. आकडा जेवढा खाली, तेवढा मशीनवर पहिला मान. तुमचं काम शून्यावर."

युनिक्समध्ये या आकड्याचं नाव 'नाइस'. डोंबलाचं नाइस.

मंगळ. १२
कालच्या गर्दीतली जानीबाई परत आली. पाड्यावरून चालत. पोरीला जव्हारच्या वसतिगृहात घालायचंय, उत्पन्नाचा दाखला हवा, मुदत उद्या. "बाय, आज तरी गावंल का?"

आकडा बदलायला गेले. परवानगी नाही. तो अधिकार 'रूट'चा, मशीनच्या मालक-खात्याचा, म्हणजे साहेबांचा. मला फक्त माझ्या कामाचा आकडा बदलता येतो, तोही वाढवूनच. स्वतःला आणखी मागे ढकलायची तेवढी मुभा!

सा.ना विचारलं. "ठाण्याची मीटिंग महत्त्वाची की ही गर्दी?"

टंचाई कोणाची आहे हो, साहेब? तोंडावर आलं होतं. बाहेर येऊन जानीबाईला म्हटलं, उद्या ये.

बुध. १३
सा. जेवायला गेले. टर्मिनल रूटवरच उघडं. सरळ त्यांच्या खुर्चीत बसले. अहवालाला एकोणीस दिलं. म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी.

बाहेर येते तर माझा पडदा धावतोय. जानीबाईचा दाखला आधी. नायब तहसीलदारांनी सही केली. पदरात गुंडाळून ती जीपकडे पळाली. वेळेत पोचली का, कोण सांगणार.

संध्याकाळी अहवाल अर्धाच. सा. सगळ्यांसमोर ओरडले, "बंद कोणी केला?"
"बंद नाही केला. मागे उभा केला. मी."
 

शुक्र. १५
सा.नी पासवर्ड बदलला. अहवाल परत वजा वीसवर. व्हरांडा परत भरला. पडदा परत दगड.

माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. हेडक्लार्क काका हळूच म्हणाले, "माफीची एक ओळ टाक पोरी, मिटवून टाकू."

नाही टाकली. लिहिलं: ज्यांच्यासाठी अहवाल, ती माणसं बाहेर ताटकळत होती.

सा. दौऱ्यावर. सोमवारी त्यांच्या हातात देणार. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, ते अजून ठरवलं नाही.